एक बर्थ, तीन सर्व्हर : क्लस्टरची ओळख



आपल्या बोथला रेल्वे नाही. मुंबईला जायचे असो की तिरुपतीला, आधी आदिलाबाद किंवा किनवट गाठावे लागते. समजा, सुट्टीत तुमच्या घरच्यांनी आदिलाबादच्या खिडकीवर नंदीग्राम एक्स्प्रेसचे आरक्षण केले आणि एस-४ डब्यातील २३ क्रमांकाचा बर्थ मिळाला. त्या क्षणापासून तो बर्थ नांदेडच्या खिडकीवर, मुंबईच्या खिडकीवर किंवा कोणाच्या मोबाइलवर दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. याचे कारण असे की बर्थची खरी नोंद दूरच्या एका संगणकात असते आणि सगळ्या खिडक्या त्यालाच विचारतात. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात.

आता दोन अपेक्षा एकदम उभ्या राहतात. पहिली, हा सर्व्हर कधी बंद पडता कामा नये. दुसरी, एकच बर्थ दोघांना जाता कामा नये. प्रत्येक अपेक्षा वेगवेगळी पाहिली तर सोपी वाटते. दोन्ही एकत्र सांभाळणे मात्र अवघड आहे. त्यासाठी जी रचना करतात तिला उच्च उपलब्धतेचे क्लस्टर म्हणतात. क्लस्टर म्हणजे यंत्रांचा समूह. तो कसा चालतो आणि माणूस तो केवळ आज्ञा टाइप करून कसा सांभाळतो, हे या लेखात आपण पाहू.

एकापेक्षा दोन बरे, पण केव्हा?

वर्षाचे तास होतात ८,७६०. एखादे यंत्र ९९ टक्के वेळ चालते असे म्हटले तर ऐकायला बरे वाटते. पण उरलेला १ टक्का म्हणजे ८७ तासांहून अधिक. वर्षातले साडेतीन दिवस तिकीट खिडकी बंद!

आता तशीच दोन यंत्रे ठेवली आणि एक बंद पडताच दुसऱ्याने काम उचलायचे ठरवले. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता १/१०० गुणिले १/१००, म्हणजे १/१०,००० होते. वर्षाला जेमतेम ५३ मिनिटे. साडेतीन दिवसांवरून तासाच्या आत आलो.

मात्र संभाव्यतेचा हा गुणाकार दोन्ही घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तेव्हाच खरा ठरतो. शेतातल्या दोन मोटारी एकाच डी.पी.वर असतील तर डी.पी. जळाल्यावर दोन्ही बंद पडतात. तिथे दुसऱ्या मोटारीवर केलेला खर्च कामी येत नाही. म्हणून क्लस्टर उभारणारे लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा : या दोन यंत्रांमध्ये सामाईक काय आहे? एकच वीजजोडणी, एकच खोली, एकच तार, एकच डिस्क? जे जे सामाईक असेल ते ते आपले दुबळे ठिकाण.

एक खुलासा. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक बनवला, हे तुम्ही सामान्यज्ञानात वाचले असेल. तिथेही अनेक प्रोसेसर एकत्र जोडले होते. पण हेतू होता मोठे गणित लवकर सोडवण्याचा. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्या क्लस्टरचा हेतू निराळा आहे. इथे वेग दुय्यम असून, काम खंडित न होणे आणि नोंद न बिघडणे महत्त्वाचे आहे.

ठोके थांबले की काय समजायचे?

क्लस्टरमधील यंत्रांना नोड म्हणतात. सोयीसाठी आपल्या तीन नोडांना नद्यांची नावे देऊ : गोदा, पैनगंगा आणि कडेम. हे तिन्ही नोड एकमेकांना दर सेकंदाला लहान लहान संदेश पाठवत राहतात. त्याला हार्टबीट, म्हणजे हृदयाचे ठोके असे नाव आहे. ठोके येत आहेत तोवर शेजारी जिवंत आहे. काही सेकंद ठोके आले नाहीत तर काहीतरी बिघडले आहे.

पण काय बिघडले? खरी मेख येथेच आहे. समजा, बर्थ वाटण्याचे काम गोदा करत आहे आणि तिचे ठोके पैनगंगेला ऐकू येईनासे झाले. याचे अर्थ दोन असू शकतात. एक, गोदा खरोखरच बंद पडली. दोन, गोदा ठणठणीत असून बर्थ वाटतच आहे, फक्त दोघींमधली तार तुटली. शेतावर गेलेल्या माणसाचा फोन लागत नाही म्हणजे त्याला काही झालेच असे आपण समजत नाही; बहुधा तिथे टॉवरची रेंज नसते. पैनगंगेला बाहेरून दोन्ही परिस्थिती अगदी सारख्याच दिसतात. दोन्हींत शांतता.

आता पैनगंगेने घाई केली आणि काम हाती घेतले, तर दुसऱ्या परिस्थितीत दोन यंत्रे एकाच वेळी त्याच तक्त्यातून बर्थ वाटू लागतील. २३ क्रमांकाचा बर्थ गोदा एका कुटुंबाला देईल आणि पैनगंगा दुसऱ्याला. याला स्प्लिट-ब्रेन, म्हणजे मेंदूची फाळणी म्हणतात.

आपल्या भागातलेच उदाहरण घेऊन कल्पना करू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ नांदेड जिल्ह्यात गेले आणि बोथ आंध्र प्रदेशात राहिले. समजा, त्यानंतरही इस्लापूरच्या जमिनींचे फेरफार जुनी आणि नवी अशा दोन्ही तहसिली घेत राहिल्या असत्या तर? एका कचेरीत शेत एकाच्या नावावर, दुसरीत दुसऱ्याच्या. कचेरी चार दिवस बंद राहिली तर लोकांची अडचण होते, पण कचेरी उघडली की ती सरते. एका शेताच्या दोन खऱ्या नोंदी झाल्या तर मात्र पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेरी चालते. सर्व्हरचेही तसेच आहे. बंद पडलेले यंत्र चालू करता येते, पण दोघांनी लिहून बिघडवलेली नोंद पुन्हा सरळ करणे कित्येकदा अशक्य होते.

गणपूर्ती आणि कुंपण

यावर दोन उपाय एकत्र वापरतात.

पहिला उपाय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : गणपूर्ती. सभेला पुरेसे सभासद हजर नसतील तर ठराव होत नाही. क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडला एक मत असते आणि निम्म्याहून अधिक मते एकत्र असतील त्याच गटाला काम करता येते. आपल्या तीन नोडांत बहुमत दोनाचे. तार तुटून गोदा एकटी पडली आणि पैनगंगा व कडेम एकत्र राहिल्या, तर दोघींचा गट काम पुढे नेतो. एकट्या गोदेला कळते की आपल्याजवळ एकच मत आहे. ती स्वतःहून काम थांबवते. तिच्यात काहीही बिघाड नसतो, तरी ती थांबते.

दोनच नोड असले तर एकास एक मत होऊन पेच पडतो. म्हणून तिसरे मत हवेच. ते तिसऱ्या यंत्राचे असेल, किंवा केवळ मत देण्यापुरत्या ठेवलेल्या एखाद्या डिस्कचे.

दुसरा उपाय कुंपणाचा. त्याला फेन्सिंग म्हणतात. गोदा स्वतःहून थांबेल यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ती मध्येच गुंगली असेल आणि मिनिटभराने जागी होऊन जुने अर्धवट काम पुढे रेटू लागली तर? म्हणून बहुमताचा गट काम हाती घेण्याआधी गोदेची वीजच तोडतो. वीजपुरवठ्याच्या पट्टीला किंवा सर्व्हरमधील स्वतंत्र नियंत्रकाला नेटवर्कवरून तशी आज्ञा जाते. वीज गेल्याची पोच मिळाली की मगच बर्थचा तक्ता पैनगंगेकडे येतो. पोच मिळाली नाही तर काम हलत नाही. खिडक्या थोडा वेळ खोळंबतात, पण बर्थ दोघांना जात नाही.

ही कल्पना किती जुनी?

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९८३ मध्ये आपल्या व्हॅक्स संगणकांसाठी क्लस्टरची रचना जाहीर केली. व्हीएमएस या तिच्या प्रणालीत मते मोजण्याची सोय होती. एकूण अपेक्षित मतांत २ मिळवायचे, २ ने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. येणारी संख्या म्हणजे गणपूर्ती. तीन मते असतील तर ५ भागिले २, म्हणजे २. चार असतील तर ३. गणपूर्ती मोडली की ही प्रणाली आपले काम गोठवून ठेवत असे आणि मते परत आली की तिथूनच पुढे चालू लागत असे.

हा इतिहास आपल्या तिकिटापर्यंत येतो. रेल्वेच्या क्रिस या संस्थेने तयार केलेली कॉन्सर्ट ही आरक्षणप्रणाली १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला सुरू झाली. पुढे १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे जोडली गेली आणि कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. २०१० मध्ये आलेली आरक्षणव्यवस्था इटॅनियम यंत्रे आणि ओपन-व्हीएमएस यांवर चालते, ती बदलून नवी आणायची आहे, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये संसदेत सांगितले. म्हणजे १९८३ च्या त्या घराण्यातलीच प्रणाली इतकी वर्षे आपल्या बर्थचा हिशेब ठेवत आली.

लिनक्स या मुक्त प्रणालीसाठी असेच काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. त्यातून पुढे पेसमेकर हे सॉफ्टवेअर आले. हृदयाचे ठोके चालू ठेवणाऱ्या उपकरणाचेच नाव त्याला दिले आहे. त्याच्या जोडीला ठोके आणि मते मोजणारे कोरोसिंक असते. दोन्ही फुकट मिळतात आणि कोणालाही शिकता येतात.

आज्ञा टाइप करून कारभार

असे सर्व्हर सहसा दूरच्या शहरात कुलूपबंद खोलीत असतात. सांभाळणारा माणूस आपल्या जागेवरून एसएसएच नावाच्या सुरक्षित मार्गाने त्यांच्यापर्यंत पोचतो. समोर चित्रे नसतात, माऊसचे काम नसते. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, उत्तर वाचायचे. ही पद्धत जुनी वाटली तरी तिचे फायदे पक्के आहेत. अक्षरे मंद जोडणीवरूनही जातात. केलेली प्रत्येक आज्ञा लिहून ठेवता येते, दुसऱ्याला तपासायला देता येते आणि पुन्हा जशीच्या तशी वापरता येते. आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतात. येथे उच्चाराप्रमाणे देत आहोत.

पीसीएस स्टेटस : ही पहिली आज्ञा, आणि जाणकार लोक हीच सर्वांत जास्त वापरतात. कोणते नोड हजर आहेत, गणपूर्ती आहे की नाही, कोणते काम कोणत्या नोडवर चालू आहे, मागे कुठे बिघाड झाला, हे सर्व ती सांगते. ती काहीही बदलत नाही, फक्त दाखवते. आधी पाहायचे, मग हात लावायचा.

पीसीएस नोड स्टँडबाय गोदा : गोदेची दुरुस्ती करायची आहे, तेव्हा तिच्यावरचे काम दुसरीकडे पाठवण्याची ही आज्ञा. काम हलले का हे पुन्हा स्टेटस घेऊन पाहायचे. या अवस्थेत गोदा काम करत नाही, पण तिचे मत मोजले जाते. दुरुस्ती झाली की अनस्टँडबाय म्हणायचे. गिऱ्हाइकांना यातले काही कळत नाही, कारण सेवेचा पत्ताही कामाबरोबर एका नोडवरून दुसऱ्यावर जातो.

पीसीएस क्लस्टर स्टॉप : नोडला क्लस्टरमधून पूर्ण बाहेर काढण्याची आज्ञा. येथे मत कमी होते. ज्या नोडला थांबवल्याने गणपूर्ती मोडणार असेल त्याच्याबाबत ही आज्ञा नकार देते आणि फोर्स हा शब्द जोडल्याशिवाय पुढे जात नाही. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना हा शब्द जोडणे म्हणजे निव्वळ हट्ट.

पीसीएस रिसोर्स क्लीनअप : मागच्या बिघाडाची नोंद पुसून काम पुन्हा सुरू करायला सांगणारी आज्ञा. लाल अक्षरे नाहीशी होतात, म्हणून ती मोहात पाडते. पण बिघाड का झाला हे रोजनिशीत, म्हणजे लॉगमध्ये, वाचण्याआधी ती दिली तर ताप उतरवून रोग तसाच ठेवल्यासारखे होते.

कुंपणाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेसमेकर नव्याने बसवला आणि कुंपणाची सोय केली नाही, तर तो कामे सुरू करायलाच नकार देतो. तेव्हा कित्येक जण एका ओळीची आज्ञा देऊन कुंपणाची अटच काढून टाकतात. लगेच सगळे हिरवे दिसू लागते. सरावाच्या यंत्रावर हे चालून जाईल. लोकांच्या नोंदी असलेल्या यंत्रावर मात्र पहिल्या तुटलेल्या तारेबरोबर त्याची किंमत कळते.

माणसाचा शब्द

आता सर्वांत जबाबदारीची आज्ञा. समजा, गोदेचे ठोके थांबले, क्लस्टरने तिची वीज तोडण्याचा प्रयत्न केला, पण वीजपट्टीच उत्तर देत नाही. पोच नाही म्हणून पैनगंगा थांबून आहे. खिडक्या खोळंबल्या आहेत, फोन वाजत आहेत, वरिष्ठ विचारत आहेत. अशा वेळी एक मार्ग उरतो : पीसीएस स्टोनिथ कन्फर्म गोदा. या आज्ञेचा अर्थ असा, की गोदा खात्रीने बंद आहे आणि याची हमी मी देतो. ते यंत्र खरोखर बंद नसेल तर माहिती बिघडू शकते, अशी सूचना देऊन प्रणाली विचारते, पुढे जायचे का? तुम्ही होय म्हटले की ती तुमच्यावर विश्वास ठेवते. त्यानंतर तपासणारे कोणी नाही.

ही आज्ञा कोणी द्यावी? ज्याने त्या खोलीतल्या माणसाला फोन करून गोदेची वायर काढायला लावली, दिवे विझल्याचे त्याच्या तोंडून ऐकले आणि ते यंत्र गोदाच आहे हे पाटीवरून वाचून घेतले, त्याने. दहा मिनिटे झाली म्हणजे बंदच असेल, असा अंदाज पुरेसा नाही. क्लस्टरमधील यंत्रे शंका असेल तिथे थांबायला शिकवलेली आहेत. माणसानेही तेच शिकायचे असते, आणि फोन वाजत असताना ते अधिक कठीण असते.

मुंबईतील एक दिवस

अशी पूर्ण तयारी असूनही घोटाळा होऊ शकतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार ५ वाजेपर्यंत चालला. बाजाराकडे दोन दूरसंचार कंपन्यांच्या अनेक जोडण्या होत्या. त्या दिवशी दोन्हींकडे अडचण आली. तिचा परिणाम माहिती साठवणाऱ्या यंत्रणेवर झाला आणि जोखीम मोजणारी प्रणाली उपलब्ध राहिली नाही. जोखीम मोजता येत नसताना सौदे चालू ठेवणे धोक्याचे, म्हणून बाजार थांबला.

पुढच्याच महिन्यात सेबीने बाजारसंस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि तेथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. म्हणजे दुसरे केंद्र नुसते असून भागत नाही. तिकडे केव्हा जायचे आणि कोणी ठरवायचे हेही आधी लिहून ठेवावे लागते. दोन जोडण्या असूनही दोन्ही एकदम अडचणीत आल्या, हे वाचताना आपला डी.पी. आठवला असेल.

करून पाहा

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक खेळ सुचवतो. तीन जण तीन खोल्यांत बसा. तिघांपैकी एकाजवळ वीस बर्थचा तक्ता द्या. निरोप्या दर मिनिटाला तिघांचे ठोके एकमेकांना पोचवील. मग शिक्षकांनी गुपचूप एका निरोप्याला अडवावे. कोणी थांबले, कोणी काम हाती घेतले, एकही बर्थ दोनदा गेला का, हे शेवटी तपासा. आधी गणपूर्तीचा नियम न लावता खेळा, नंतर लावून खेळा, आणि दोन्ही वेळा दोनदा गेलेले बर्थ मोजा.

ज्यांच्या घरी बऱ्या क्षमतेचा संगणक आहे त्यांनी एकाच संगणकात तीन आभासी यंत्रे उभारून त्यांवर लिनक्स, कोरोसिंक आणि पेसमेकर बसवावेत. यंत्रांना गोदा, पैनगंगा, कडेम हीच नावे द्या. एकीचे नेटवर्क तोडा आणि उरलेल्या दोघींपैकी एकीवर पीसीएस स्टेटस टाइप करून काय दिसते ते वहीत लिहा. या कामाचे चांगले शिक्षण घेतलेल्या माणसाला मोठ्या शहरातच बसावे लागते असे नाही. जोडणी असेल तर ते आपल्या गावातूनही करता येते. त्याला इंग्रजी थोडे, गणित बरे आणि धीर भरपूर लागतो.

खेळ खेळलेल्या वर्गांनी आपले आकडे पुढील अंकासाठी जरूर पाठवावेत. गणपूर्ती नसताना किती बर्थ दोघांना गेले आणि असताना किती, एवढे दोन आकडे पुरेत.